खेळांचा पत्ता: झेक देशातले काही दिवस

गुरुवार: पोव्रली आणि उस्ती

ड्रेस्डेनहून प्रागकडे जाणाऱ्या गाडीत डावीकडची खिडकी धरायची. एल्बे नदी त्या बाजूला असते, आणि सीमा ओलांडल्यावर तिचं नाव लाबे झालं तरी ती बाजू सोडत नाही. गाडीतले बहुतेक लोक थेट प्रागला उतरतात. आम्ही द्येचीनला उतरलो, लोकल धरली आणि पोव्रली नावाच्या गावात येऊन थडकलो. एक स्टेशन, नदी, आणि मागे झाडीने भरलेल्या शंकूच्या आकाराच्या टेकड्या. इथे बघण्यासारखं काय आहे, असं कोणी विचारलं असतं तर मला काही सांगता आलं नसतं.

"ताई, मी इथे कितीदा मेलोय माहितीये?" चिन्मय टेकडीकडे बघत म्हणाला.

चिन्मय माझा मामेभाऊ. ड्रेस्डेनला एमएस करतो आणि उरलेल्या वेळात गेम खेळतो, कधीकधी उलटं. सहलीचा बेत त्याचाच. ज्या झेक खेळांपायी त्याच्या रात्री गेल्या, त्यांच्या मागची जमीन त्याला बघायची होती. मला किल्ले आणि जुनी गावं बघायची होती. दोन्ही एकाच तिकिटात होतंय म्हटल्यावर मी हो म्हणून टाकलं.

'आर्मा 2' हा 2009 चा लष्करी खेळ चेर्नारस नावाच्या काल्पनिक देशात घडतो. सोव्हिएत संघातून फुटून निघालेला, यादवीत सापडलेला देश. त्याचा 225 चौरस किलोमीटरचा नकाशा बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या झेक कंपनीने बेतला तो याच उस्ती शहराच्या परिसरावर. टेकड्यांचे चढउतार इथले, जंगलाच्या कडा इथल्या, रस्त्यांची वळणं इथली. फक्त नदीच्या जागी समुद्र ओतला. खऱ्या झेक देशाला कुठूनच समुद्र लागत नाही, खेळात तो त्यांनी करून घेतला. पुढे 2012 मध्ये डीन हॉल या न्यूझीलंडच्या माजी सैनिकाने याच नकाशावर 'डे-झी' रचला. झॉम्बींनी भरलेल्या प्रदेशात रिकाम्या हाताने उतरायचं आणि जमेल तितके दिवस तगायचं. झॉम्बींपेक्षा दुसऱ्या खेळाडूंचीच भीती जास्त. जगभरातली लाखो माणसं या टेकड्यांवर उपाशी फिरली, एका डबाबंद घेवड्यासाठी एकमेकांच्या जिवावर उठली. त्यांतल्या बहुतेकांना चेर्नारस पाठ आहे. उस्तीचं नाव त्यांनी ऐकलेलंही नसेल.

गावामागच्या पायवाटेने आम्ही वर चढलो. वरून नदीचं मोठं वळण दिसतं आणि पलीकडे आणखी टेकड्या. "इथून पुढे सगळं पाणी," चिन्मय हात लांब करून सांगत होता, आणि त्या पाण्याच्या जागी समोर एक मालगाडी चालली होती. कुत्रा फिरवायला आलेले एक आजोबा थांबले. जर्मन आणि खाणाखुणा करत बोलणं झालं. अशी पोरं अधूनमधून येतात, फोन आणि डोंगर आलटूनपालटून बघतात आणि जातात, असं त्यांचं म्हणणं पडलं. कशासाठी येतात ते त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, पण फारसं पटलेलं दिसलं नाही.

जमिनीची ही हुबेहूब नक्कल करण्याची हौस कंपनीला एकदा चांगलीच महाग पडली. 'आर्मा 3' चं काम चालू असताना, सप्टेंबर 2012 मध्ये, तिचे दोन कर्मचारी ग्रीसच्या लेम्नोस बेटावर सुट्टीला गेले. खेळाचा नकाशा त्या बेटावरच बेतला होता. लष्करी ठिकाणांचे फोटो काढल्याच्या आरोपाखाली, हेरगिरीच्या संशयावरून त्यांना अटक झाली आणि चार महिने तुरुंगात काढल्यावर जामीन मिळाला. खेळातल्या बेटाचं नाव मग बदलून 'आल्टिस' करण्यात आलं.

आपल्याकडेही हा खेळ टीव्हीवर येऊन गेला आहे, फक्त तो खेळ आहे हे सांगितलं गेलं नाही. 2021 मध्ये अफगाणिस्तानातल्या पंजशीरवर पाकिस्तानचा हवाई हल्ला म्हणून काही भारतीय वाहिन्यांनी जी दृश्यं दाखवली, ती 'आर्मा 3' मधली होती. पुढे युक्रेन युद्धात हे इतकं वाढलं, की कंपनीनेच 2022 च्या नोव्हेंबरमध्ये निवेदन काढून असे व्हिडिओ ओळखायचे कसे ते सांगितलं. चित्र अंधुक आणि हलणारं असतं, बऱ्याचदा रात्रीचं असतं, आवाज नसतो, माणसं फारशी दिसत नाहीत. एखाद्या कंपनीने आपल्या मालाची खूण अशा कारणासाठी जाहीर करावी, हा प्रकार मला तरी नवा होता.

उस्तीबद्दल फार लिहीत नाही. कारखान्यांचं शहर आहे, नदीवर एक देखणा पांढरा पूल आहे, कड्यावर स्त्रेकोव्हचा किल्ला आहे. जेवायला तळलेलं चीज आणि बटाटे मिळाले. शाकाहारी माणसाने या देशात त्याची सवय करून घ्यावी.

शुक्रवार: प्राग

वेन्सेस्लास चौकाला चौक म्हणतात, पण तो आहे पाऊण किलोमीटर लांबीचा, चढत जाणारा रुंद रस्ता. वरच्या टोकाला राष्ट्रीय संग्रहालय, त्याच्या पुढ्यात संत वेन्सेस्लासचा अश्वारूढ पुतळा. संग्रहालयासमोरच्या फरसबंदीत कांस्याचा एक क्रूस आडवा आहे, जमिनीखालून वर ढकलला जात असल्यासारखा. सोव्हिएत आक्रमणानंतर देश निमूट झाला म्हणून यान पालाख या विद्यार्थ्याने 16 जानेवारी 1969 रोजी इथे स्वतःला पेटवून घेतलं. वीस वर्षांनी, जानेवारी 1989 मध्ये, त्याची आठवण म्हणून लोक या चौकात जमले तेव्हा पोलिसांनी लाठ्या, पाण्याचे फवारे आणि अश्रुधूर चालवला. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले नाटककार वात्स्लाव हावेल यांना अटक झाली ती त्याच वेळी. हे सगळं कुठल्याही प्रवासी पुस्तिकेत वाचायला मिळतं. त्या मारहाणीवर तेव्हाच एक कॉम्प्युटर गेम निघाला होता, हे मात्र मला चिन्मयकडून कळलं.

खेळाचं नावच लांबलचक: 16 जानेवारी 1989 रोजी प्रागच्या वेन्सेस्लास चौकात इंडियाना जोन्सवर आलेले प्रसंग. लिहिणाऱ्याने खरं नाव दिलेलं नाही, आणि का दिलं नाही ते उघड आहे. खेळ निव्वळ अक्षरी. पडद्यावर दोन वाक्यं येतात, आपण आज्ञा टाइप करायची: वर जा, उचल, बघ. आम्ही पुतळ्याच्या पायऱ्यांवर बसून फोनवर त्याचं इंग्रजी रूप उघडलं. दिशा चुकली की पोलीस गाठतात आणि हॉलिवूडचा तो अजिंक्य नायक मार खाऊन मरतो. पुन्हा सुरू करा, पुन्हा मरा. आजूबाजूला पर्यटक सेल्फी काढत होते आणि आम्ही त्याच जागेवर, पडद्यावर, लाठ्या खात होतो.

हे कसं शक्य झालं? सिनेमा, पुस्तकं, गाणी यांवर राज्याची बारीक नजर होती. कॉम्प्युटर गेम म्हणजे काय हेच नजर ठेवणाऱ्यांना माहीत नव्हतं. स्वाझार्म नावाची लष्कराला पूरक अशी एक सरकारी संघटना होती. नेमबाजी, वायरलेस, मोटार, ग्लायडर असे तिचे क्लब असत. ऐंशीच्या दशकात त्यांत संगणकांचे क्लब आले. देशाचे भावी तंत्रज्ञ घडावेत हा हेतू, आणि पोरं तिथे बसून खेळ लिहीत. यंत्र बहुतेक ब्रिटनचं सिंक्लेअर स्पेक्ट्रम, कोणीतरी परदेशातून सामानात घालून आणलेलं. 1987 पासून स्लोव्हाकियातल्या स्कालित्सा गावात त्याच्याच धर्तीवर 'दिदाक्तिक गामा' बनू लागला. दुकानात खेळ विकत मिळत नसत. कॅसेटवरून कॅसेटवर उतरवून घ्यायचे. इंडियाना जोन्सला नायक करायची प्रथा फ्रान्तिशेक फुका नावाच्या प्रागच्या एका किशोराने पाडली होती, आणि त्याच्या खेळांच्या कॅसेटी देशभर फिरत होत्या. चार्ल्स विद्यापीठातले यारोस्लाव श्वेल्ख यांनी या सगळ्या काळाचा नीट इतिहास लिहून ठेवला आहे, म्हणून आज हे आपल्यापर्यंत येतं.

मला त्या पायऱ्यांवर एक गोष्ट लागली. कालच्या खेळात उस्तीची जमीन घेऊन तिला परक्या देशाचं नाव दिलं होतं. या खेळात नायक परका, पण चौक आपला, तारीखही आपली. विकायचं नव्हतं म्हणून हे जमलं असावं. मित्रांसाठी लिहिलेल्या खेळात वेन्सेस्लास चौक कुठे आहे हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

दुपारी नदीकाठी यान पालाखच्याच नावाच्या दुसऱ्या चौकात गेलो. तिथे कला, वास्तुकला आणि डिझाइन शिकवणारी अकादमी आहे. 2003 मध्ये याकुब द्वोर्स्की या विद्यार्थ्याने तिथे पदवीसाठी केलेलं काम म्हणजे 'सामोरोस्त' नावाचा छोटा खेळ: शेवाळलेल्या ओंडक्यांचं अवकाश आणि त्यात पांढऱ्या कपड्यातला एक बुटका. त्यातूनच अमानिता डिझाइन हा स्टुडिओ उभा राहिला आणि 2009 मध्ये 'मशिनॅरियम' आला. गंजक्या यंत्रांच्या शहरातला एक रोबो, सगळी चित्रं हाताने काढलेली, आणि कोणी एक शब्द बोलत नाही. गोष्ट बुडबुड्यांतल्या चित्रांतून कळते. भाषेची अडचण अशीही सोडवता येते: भाषाच वापरायची नाही.

संध्याकाळी इचलकरंजीहून माझ्या भाच्याचा आवाजी निरोप आला. "मावशी, युरो ट्रकवाल्यांचं ऑफिस प्रागमध्येच आहे. बघून ये." हा मुलगा रोज रात्री 'युरो ट्रक सिम्युलेटर 2' मध्ये पोलंडहून फ्रान्सला माल पोचवतो. 2012 साली आलेला हा खेळ प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअरचा. दर एकदोन वर्षांनी त्यात नवा मुलूख जोडला जातो: स्कँडिनेव्हिया, फ्रान्स, इटली, बाल्टिक, इबेरिया, पश्चिम बाल्कन. नकाशाचं प्रमाण 1:19, म्हणजे खरे एकोणीस किलोमीटर तिथे एका किलोमीटरमध्ये उरकतात. गोळीबार नाही, राक्षस नाहीत. वेळेत पोचायचं, झोप आली की थांबायचं, सिग्नल तोडला तर दंड. असा खेळ खपेल असं कोणी शपथेवर सांगितलं असतं तरी मी मानलं नसतं. ऑफिस आम्ही बाहेरून पाहिलं. ऑफिसांसारखं ऑफिस. भाच्याला फोटो पाठवला तर म्हणाला, "ट्रक कुठाय?"

शनिवार: साझावा आणि रातये

सकाळी चेर्चानीला गाडी बदलली आणि साझावा नदीच्या काठाने जाणाऱ्या छोट्या गाडीत बसलो. कयाक घेऊन निघालेली कुटुंबं, मशरूम वेचायला निघालेले टोपलीवाले म्हातारे. सप्टेंबर म्हणजे इथे मशरूमचा मोसम. सगळा डबा अळंब्यांवरच बोलतोय असं वाटत होतं.

या खोऱ्यासाठीच मी आले होते म्हटलं तरी चालेल. 'किंगडम कम: डिलिव्हरन्स' हा 2018 चा खेळ 1403 सालच्या इथल्या खेड्यांत घडतो. राजा चौथा वेन्सेस्लास कैदेत आहे, त्याचा सावत्र भाऊ सिगिस्मुंड मुलूख लुटत फिरतोय. नायक इंद्रझिख (इंग्रजीत हेन्री) हा इथल्याच स्कालित्से नावाच्या गावातल्या लोहाराचा मुलगा. पहिल्याच धामधुमीत आईबाप मारले जातात आणि तो पळतो. जादू नाही, ड्रॅगन नाहीत. त्याला तलवार धरता येत नाही आणि वाचताही येत नाही. पुस्तक उघडलं तर पडद्यावर अक्षरं उलटीपालटी झालेली दिसतात. कोणाकडे तरी जाऊन शिकावं लागतं, मग हळूहळू शब्द जागेवर येतात. खेळणाऱ्याला निरक्षर करून टाकण्याची ही युक्ती मला फार आवडली.

साझावाच्या मठात आधी गेलो. अकराव्या शतकात संत प्रोकोपने स्थापन केलेला हा मठ. इथे लॅटिनऐवजी स्लाव्ह भाषेत उपासना होत असे. 1100 च्या आसपास त्या साधूंना घालवून लॅटिनवाले बेनेडिक्टाइन आणले गेले. आवारात गॉथिक चर्चचे लालसर दगडी खांब आणि कमानी उघड्या आकाशाखाली उभ्या आहेत. खेळात इथे परांच्या बांधलेल्या आहेत, गवंडी दगड चढवतायत, आणि आपल्याला नवशिक्या साधू बनून आत शिरायचं असतं. पहाटे उठून प्रार्थना, वेळेवर जेवण, मठाध्यक्षांची बोलणी. चिन्मय म्हणतो तो भाग कंटाळवाणा आहे. माझ्या मते खेळातला तो सगळ्यात धीट भाग. 1403 मध्ये काम चालू होतं. पुढे हुसाइट युद्धं (धर्मसुधारक यान हुसच्या अनुयायांची) पेटली आणि ते चर्च कधी पुरं झालंच नाही. म्हणजे खेळातला मठ आजच्यापेक्षा फार वेगळा नाही, फक्त तिथे गवंड्यांना अजून आशा आहे.

रातये त्याच नदीवर, एका सोंडेवर वसलेलं. वस्ती हजाराच्या आत, किल्ले मात्र दोन: वरचा आणि खालचा, खालच्याचं नाव पिर्कष्टाइन. चिन्मय वेशीतून आत शिरला तो थेट चालत सुटला. कुठे वळायचं, चर्च कुठे, खालचा किल्ला कुठून दिसतो, सगळं त्याला ठाऊक. पाय पहिल्यांदाच लागत होते, तरी एकदाही फोन काढला नाही. खेळात हे गाव भरगच्च आहे: खाटीक, शिंपी, हमामखाना, बाजार. खरं गाव शनिवारच्या दुपारी झोपलेलं. एका अंगणात दोन बायका सफरचंदं सोलत होत्या. आमच्याकडे बघून एकीने हसून तलवार उपसल्याची खूण केली.

हा खेळ उभा कसा राहिला ती गोष्ट या गावात बसूनच सांगायला हवी. दानिएल वाव्रा हे आधी ब्र्नो शहरात 'माफिया' या खेळाचे लेखक-दिग्दर्शक होते. 2011 मध्ये त्यांनी भागीदारांबरोबर वॉरहॉर्स स्टुडिओ काढला. बोहेमियातली (म्हणजे देशाच्या पश्चिम भागातली) खेडी, पंधरावं शतक, जादू नाही: प्रकाशक पैसे लावायला तयार होईनात. शेवटी 2014 च्या सुरुवातीला किकस्टार्टरवर लोकांसमोर झोळी पसरली. मागितले 3 लाख पौंड, मिळाले 11 लाखांहून अधिक. त्यावरून बाजार आहे हे पटलं आणि मोठा पैसा आला.

आणि तरी, हा खेळ आला तेव्हा रातयेचे लोक इंग्रजी बोलत होते. झेक भाषा फक्त खाली मजकुरात. गंमत अशी की 2002 चा 'माफिया', ज्याची गोष्ट 1930 च्या दशकातल्या एका काल्पनिक अमेरिकन शहरात घडते, तो झेकमध्ये डब झाला होता. त्यातल्या टॉमीला मारेक वाशुत या नावाजलेल्या नटाचा आवाज होता. अमेरिकन गुंड झेक बोलले आणि झेक लोहार इंग्रजी. कारण पैशाचंच. इतक्या लांब खेळाचे हजारो संवाद एक कोटीच्या भाषेसाठी पुन्हा ध्वनिमुद्रित करायचे तर गणित बसत नाही. मराठी डबिंगची गणितं ऐकलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

रविवार: कुत्ना होरा

प्रागहून तासाभरात कुत्ना होराचं मुख्य स्टेशन येतं आणि तिथून गावात जायला आणखी एक पिटुकली गाडी. मुख्य स्टेशनजवळच सेद्लेत्सची ती अस्थींची कपेल (छोटं प्रार्थनाघर) आहे, जिथे हजारो माणसांच्या हाडांची झुंबरं आणि तोरणं केली आहेत. सगळे बघतात म्हणून आम्हीही बघितली. पाच मिनिटांत बाहेर आलो.

गावाचा जीव चांदीत होता. दुसऱ्या वेन्सेस्लास राजाने 1300 मध्ये फ्लॉरेन्सहून जाणकार आणून इथे टांकसाळ घातली आणि 'प्राग ग्रोशेन' हे चांदीचं नाणं मध्य युरोपभर चाललं. ती टांकसाळ, इटालियन वाडा, अजून उभी आहे. खाण बघायला मिळते ती ह्रादेक नावाच्या जुन्या वाड्यातल्या संग्रहालयातून. अंगात खाणकामगारांचा पांढरा डगला, डोक्यावर शिरस्त्राण, हातात दिवा. पायऱ्या उतरून खाली गेलं की बोगदा इतका अरुंद होतो की आडवं होऊन सरकावं लागतं, वाकून तर सतत. डगला पांढरा का, तर अंधारात माणूस दिसावा म्हणून. मध्येच वाटाड्या मुलीने सगळ्यांना दिवे मालवायला सांगितले. त्या काळोखात चरबीच्या एका दिव्यावर माणसं दिवसाचे तास काढत, आणि वर त्या चांदीवर राजे भांडत. सिगिस्मुंड 1402 च्या अखेरीस या गावावर चालून आला तो याच्यासाठी.

'किंगडम कम' चा दुसरा भाग बराचसा इथे घडतो. फेब्रुवारी 2025 मध्ये आला आणि पहिल्या चोवीस तासांत 10 लाख प्रती गेल्या. संत बार्बाराचं कॅथेड्रल, ज्याचा पाया 1388 मध्ये घातला, ते खेळात अर्धवट आहे. आम्ही पाहिलं ते तीन तंबूंसारख्या छपरांचं, कमानींच्या पंखांनी तोललेलं पूर्ण रूप. चिन्मय थोडा हिरमुसला. त्याला परांच्या बघायच्या होत्या.

पर्यटन कार्यालयातल्या बाईंना मी विचारलं, खेळामुळे लोक येतात का. रोज येतात, म्हणाल्या. आधी लोक हाडं बघून निघून जायचे, आता ही पोरं गल्ल्या विचारत येतात, अमक्या वेशीतून तमक्या विहिरीकडे कसं जायचं. काही गल्ल्या आता नाहीतच, ते समजावून सांगावं लागतं. त्यांनी स्वतः खेळ खेळला नाही, पण मुलगा खेळतो आणि या वेळी तो झेकमध्ये खेळतो. दुसऱ्या भागाला पूर्ण झेक आवाज दिले आहेत. सात वर्षांत एवढा पैसा आणि एवढा भरवसा जमा झाला होता. हे सांगताना बाई जरा ताठ बसल्या, असं मला वाटलं. चिन्मय म्हणतो मी उगाच पाहिलं.

सोमवार: ब्र्नो

प्रागहून ब्र्नोला रेल्वेऐवजी बसने गेलो, डी-1 महामार्ग बघायला. सतत दुरुस्त्या चालू असणारा म्हणून हा रस्ता देशभर बदनाम आहे. सुमारे दोनशे किलोमीटर. भाच्याच्या ट्रकला हे अंतर साडेदहा किलोमीटरमध्ये पार पडतं. आम्हाला अडीच तास लागले.

ब्र्नो हे मोराव्हियाचं, म्हणजे देशाच्या पूर्व भागाचं, मुख्य शहर. ट्रामगाड्या, विद्यापीठं, न्यायालयं, आणि एवढ्याशा शहराच्या मानाने गेम स्टुडिओंची दाटी. 1997 मध्ये पेत्र वोखोझ्का यांनी इथे इल्युजन सॉफ्टवर्क्स काढली. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश कमांडोंवर 'हिडन अँड डेंजरस', मग 'माफिया', मग अमेरिकन सैनिकांवर 'व्हिएतकाँग'. म्हणजे ब्र्नोत बसून ब्रिटन, अमेरिका, अमेरिका. 'माफिया' मी कॉलेजात असताना मैत्रिणीच्या भावाच्या खोलीत पाहिला होता, सीडी अर्थातच साठ रुपयांची. त्या शहरात गाडी वेगात हाणली की पोलीस मागे लागत, याचंच तेव्हा अप्रूप. तो खेळ अमेरिकेचा नाही हे त्या खोलीत कोणालाच माहीत नव्हतं. आम्हाला चकवलं याचा अर्थ त्यांचं काम फत्ते झालं होतं.

संध्याकाळी चिन्मयच्या एका मित्राचा मित्र भेटला. इथल्याच एका स्टुडिओत दहाबारा वर्षं लेव्हल रचतो. नाव देत नाही, कंपनीही नाही. कोफोला या साम्यवादी काळापासूनच्या काळ्या पेयाचा मोठा पेला पुढ्यात घेऊन तो मोकळं बोलला. लोकसंख्या 1 कोटी 9 लाख, म्हणजे मुंबईपेक्षा कमी. घरच्या गिऱ्हाइकावर कुठलाच मोठा खेळ चालत नाही. त्यामुळे पहिल्या दिवसापासून बाहेरच्यासाठी बनवायचं. पूर्वी बाहेरच्यासाठी म्हणजे बाहेरचं, असा हिशोब होता. आता बाहेरचे लोक साझावाचं खोरंही विकत घेतात हे कळलंय. 2017 मध्ये चार्ल्स विद्यापीठ आणि विज्ञान अकादमीने मिळून केलेला 'अटेंटाट 1942' हा नाझी व्यापलेल्या झेक भूमीतल्या एका कुटुंबावरचा खेळ, तोही बाहेर गाजला. 2025 पासून सरकारच्या चित्रपट निधीचा दृक्श्राव्य निधी झाला आणि त्यात खेळही आले. उशिरा आली मदत, पण आली, असं तो म्हणाला.

मी विचारलं, मग आता सगळं झेक? त्याने मान हलवली आणि बोटं मोजायला सुरुवात केली. इल्युजन सॉफ्टवर्क्स 2008 मध्ये अमेरिकेच्या टेक-टूने घेतली; ब्र्नोतली ती मंडळी आता हँगर 13 नावाने काम करतात आणि ऑगस्ट 2025 मध्ये त्यांचा सिसिलीतला 'माफिया' आला. 'बीट सेबर' हा खेळ करणारे प्रागचे बीट गेम्स 2019 मध्ये फेसबुककडे गेले. वॉरहॉर्सही त्याच साली एम्ब्रेसर या स्वीडिश समूहाच्या घरात गेला. बोहेमिया इंटरॅक्टिव्हमध्ये 2021 पासून चीनच्या टेन्सेंटचा अल्प हिस्सा आहे. खेळातला पत्ता झेक झाला तोवर मालकाचा पत्ता बदलला. तो हे कडवटपणे बोलला नाही. पगार वेळेवर होतात, म्हणाला.

न विकलेल्यांतही मोठी नावं आहेत. ट्रकवाले एससीएस आहेत, आणि 'फॅक्टोरिओ' हा खेळ करणारी वूबे. निर्जन ग्रहावर एक माणूस, हाताने खनिज काढण्यापासून सुरुवात, आणि मग पट्टे, भट्ट्या, रोबोंचे हात असा कारखाना वाढवत न्यायचा. ज्याला लागलं त्याची झोप गेली. चिन्मयच्या यादीत तो कित्येक दिवस आहे.

"सेल लागायची वाट बघतोय," चिन्मय म्हणाला.

तो माणूस इतक्या मोठ्याने हसला की शेजारच्या टेबलावरचे वळले. वूबे कधीच सवलत देत नाही, हे त्यांनी पहिल्यापासून सांगितलंय. उलट जानेवारी 2023 मध्ये महागाई वाढली म्हणून त्यांनी किंमतच 30 वरून 35 डॉलर केली.

"म्हणजे 2022 मध्ये घेतला असतास तर पाच डॉलर वाचले असते," मी म्हटलं.

"बघू गं ताई, दिवाळीत तरी लावतील," तो म्हणाला, आणि बिल माझ्याकडे सरकवलं.